क्रूझवरील स्पेशालिटी रेस्टॉरंट आणि मुले: चार कंपन्यांच्या धोरणांची तुलना

बारा वर्षांचे मूल रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे वेगळे पैसे घेणाऱ्या खास रेस्टॉरंटमध्ये, जेवायला बसले, तर त्याला मुलांचा दर लागतो. तेच मूल कार्निव्हलच्या स्टेकहाउसमध्ये प्रौढ ठरते आणि पूर्ण दर भरते. डिस्नेच्या पालो या रेस्टॉरंटमध्ये तर त्याला प्रवेशच मिळत नाही. क्रूझ निवडताना पालक केबिनचे भाडे आणि बंदरांची यादी बारकाईने तपासतात, पण वयाची ही रेषा कोणती कंपनी कुठे आखते, हे अनेकांच्या लक्षात जहाजावर पाऊल ठेवल्यावरच येते. माझ्या मते, दोन-तीन विशेष जेवणांचा बेत मनात असेल, तर हा मुद्दा तिकीट काढण्याआधीच पाहायला हवा.

मोठ्या जहाजांवर मुख्य भोजनकक्ष आणि बुफे यांचा खर्च भाड्यातच धरलेला असतो आणि मुख्य भोजनकक्षात मुलांसाठी वेगळा किड्स मेन्यूही असतो. स्टेकहाउस, इटालियन, जपानी अशी जी वेगळी रेस्टॉरंट असतात, त्यांचे पैसे मात्र वेगळे द्यावे लागतात. ही आकारणी मुख्यतः दोन प्रकारे होते. काही ठिकाणी माणशी ठरावीक कव्हर चार्ज असतो, तर काही ठिकाणी मागवलेल्या प्रत्येक पदार्थाची किंमत लागते. मुलांची सवलत प्रामुख्याने पहिल्या प्रकाराला लागू होते, हे आधीच लक्षात ठेवावे.

रॉयल कॅरिबियनचे धोरण या सगळ्यांत समजायला सोपे आहे. पाच वर्षांपर्यंतची मुले विनामूल्य जेवतात, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना सवलतीचा ठरावीक दर लागतो आणि तेरा वर्षे पूर्ण झाली की पूर्ण दर सुरू होतो. हा सवलतीचा दर अलीकडच्या काळात १४.९९ डॉलर राहिला आहे. त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी (सेवेची टीप) आपोआप लागते, म्हणजे एका मुलाचा प्रत्यक्ष खर्च सुमारे १७.७० डॉलर होतो आणि दोन मुलांचे एका संध्याकाळचे ३५ डॉलरच्या वर जातात. चॉप्स ग्रिलसारख्या स्टेकहाउसमध्ये प्रौढांचा दर याच्या कितीतरी पट असल्यामुळे ही रक्कम कमी वाटते. पण आठ वर्षांचे मूल तिथेही किड्स मेन्यूतलाच पास्ता मागवणार असेल, तर जवळपास तोच पास्ता त्याला मुख्य भोजनकक्षात काहीही जास्तीचे न देता मिळाला असता. याच कंपनीच्या इझुमीमधील सुशी आणि प्लेमेकर्स या स्पोर्ट्स बारमधील खाणे पदार्थागणिक आकारले जाते, त्यामुळे तिथे मुलांच्या ठरावीक दराचा आधार राहत नाही आणि बिल मुलाच्या भुकेवर ठरते.

नॉर्वेजियन या कंपनीत वयाची रेषा थोडी खाली सरकते. तीन वर्षांपर्यंतची मुले विनामूल्य जेवतात आणि चार ते बारा वर्षांच्या मुलांना कमी दर लागतो. चार-पाच वर्षांचे मूल सोबत असणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे इथे पैसे मोजावे लागतात, तर रॉयल कॅरिबियनवर ते वाचतात. ग्रॅच्युइटीही इथे २० टक्के आहे. मात्र याहून मोठा फरक पॅकेजमध्ये आहे आणि माझ्या मते कुटुंबांची सर्वाधिक निराशा तिथेच होते. फ्री अ‍ॅट सी या सवलतीतून मिळणारी स्पेशालिटी जेवणे केबिनमधील पहिल्या दोन प्रवाशांच्या नावावर येतात. तिसरा आणि चौथा प्रवासी म्हणून नोंदलेल्या मुलांना ती मिळत नाहीत. आई-वडिलांचे जेवण पॅकेजमध्ये बसते आणि मुलांचे पैसे वेगळे द्यावे लागतात, म्हणून ‘जेवण समाविष्ट’ हे शब्द वाचून हिशेब करताना ते किती माणसांसाठी आहे, हे मोजूनच घ्यावे.

कार्निव्हलच्या स्टेकहाउसमध्ये मुलांचा दर ११ वर्षांपर्यंत लागू असतो आणि तो साधारणपणे प्रौढांच्या दराच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहतो. या कंपनीचा पर्याय मला लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सोयीचा वाटतो, पण त्याचे कारण स्टेकहाउस नव्हे. बर्गर, पिझ्झा आणि मेक्सिकन बरिटो यांसारखे मुलांच्या आवडीचे खाणे या जहाजांवर भाड्यातच मिळते, त्यामुळे मुलांना घेऊन पैसे भरून जेवायला जाण्याची गरजच कमी पडते.

डिस्नेचा विचार वेगळा आहे. पालो, रेमी आणि आँशांते ही पैसे घेणारी रेस्टॉरंट १८ वर्षांवरील प्रवाशांसाठीच आहेत, त्यामुळे मुलांच्या दराचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याऐवजी कंपनीने आपली सारी कल्पकता समाविष्ट जेवणात ओतली आहे. कुटुंब दररोज तीन वेगवेगळ्या सजावटीच्या भोजनकक्षांपैकी एकात जेवते आणि त्यांचे वाढपीही त्यांच्याबरोबर एका कक्षातून दुसऱ्यात जातात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपर्यंत मुलाला काय चालते आणि काय चालत नाही, हे वाढप्याला पाठ झालेले असते. ज्या पालकांना मुलांसह सहकुटुंब खास जेवण हवे आहे, त्यांना हे पुरेसे वाटेल. ज्यांना मुलांना चांगल्या स्टेकहाउसचा अनुभव द्यायचा आहे, त्यांच्यासाठी मात्र ही कंपनी योग्य नाही. (व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर तर १८ वर्षांखालील प्रवाशांना घेतच नाहीत, म्हणून ती या तुलनेत येत नाही.)

आता मेन्यूकडे वळू, कारण दरापेक्षाही निर्णय इथे ठरतो. स्पेशालिटी रेस्टॉरंटच्या किड्स मेन्यूवर बहुधा चिकन टेंडर्स, मॅकरोनी चीज, स्पॅगेटी आणि क्वचित लहान आकाराचा स्टेक असतो. आरक्षण करताना म्हणूनच एक प्रश्न विचारलाच पाहिजे: मुलांच्या दरात फक्त किड्स मेन्यू मिळतो की मुख्य मेन्यूतला पदार्थही मागवता येतो? अकरा वर्षांचे चोखंदळ मूल मुख्य मेन्यूतून मागवू शकत असेल, तर मुलांचा दर जहाजावरचा सर्वांत फायदेशीर सौदा ठरतो. किड्स मेन्यूचेच बंधन असेल, तर आपण केवळ खुर्चीचे पैसे भरत असतो.

त्यातही मुलांना खरोखर रमवणारी काही ठिकाणे आहेत आणि तिथे पैसे खर्च करायला मी कचरणार नाही. तेप्पान्याकी किंवा हिबाची प्रकारच्या टेबलावर आचारी समोरच तव्यावर भात परततो, अंडी उडवतो आणि सगळ्यांना एकाच वेळी वाढतो, त्यामुळे वाट पाहण्याचा कंटाळा मुलांना जाणवत नाही. रॉयल कॅरिबियनच्या वंडरलँडमध्ये मेन्यूचा कागद कोरा असतो आणि त्यावर ओला कुंचला फिरवल्यावर पदार्थांची नावे उमटतात. तिथले पदार्थ मात्र चवीला आणि मांडणीला अनपेक्षित असतात, म्हणून नवे काही चाखायला तयार नसलेल्या मुलाला मेन्यूची गंमत वाटेल, पण त्याचे पोट भरेलच असे नाही. स्टेकहाउसमधले जेवण अनेकदा दीड ते दोन तास चालते आणि पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी ते फार लांब पडते.

मुलांना सोबत न नेता पालकांनीच जेवायचे असेल, तर दुसरा मार्ग मुलांना सांभाळणाऱ्या जहाजावरील क्लबचा आहे. संध्याकाळी क्लब सुरू असतो आणि दिवसाच्या व संध्याकाळच्या नेहमीच्या वेळेत त्याला शुल्क नसते. डिस्नेच्या डाइन अँड प्ले योजनेत उशिराच्या पंगतीतील मुलांना आधी वाढतात आणि त्यांचे जेवण झाले की क्लबचे कर्मचारी त्यांना टेबलावरूनच घेऊन जातात. मात्र तीन वर्षांखालील बाळांसाठीच्या पाळणाघराला तासाप्रमाणे शुल्क असते, म्हणून त्या वयात हा मार्ग तितका स्वस्त राहत नाही.

मला स्वतः निवड करायची झाली, तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलासह मी रॉयल कॅरिबियन घेईन आणि संध्याकाळची सर्वांत लवकरची वेळ आरक्षित करेन. मूल कंटाळून अर्ध्यातून उठावे लागले, तरी त्याच्या जेवणाचे पैसे वाया गेल्याची रुखरुख राहणार नाही. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना क्लबमध्ये सोडून पालकांनी दोघेच जेवावे आणि सर्वांनी मिळून एकदाच हिबाचीला जावे, असे मी सुचवेन. दहा ते बारा या वयात मुलांना आवर्जून न्यावे, कारण लवकरच त्यांचा पूर्ण दर लागणार असतो. कार्निव्हलवर ही संधी एक वर्ष आधीच संपते. तेरा वर्षांवरील मुले सोबत असतील, तर पदार्थागणिक किंमत असलेले ठिकाण पाहावे, म्हणजे तीन पदार्थांच्या जेवणाचे पैसे भरून एकच बर्गर खाल्ला, असे होणार नाही.