उन्हाळ्यातल्या मॅचला ओआरएस पावडर, आमच्याकडून पूर्ण मार्क
मे महिन्यात नाशिकलाच लेकीची मॅच होती, १० मीटर एअर रायफल, ६० शॉट्स आणि सव्वा तास, त्याआधी १५ मिनिटं सायटिंग (नेम जुळवायचे सरावाचे शॉट्स), आणि हे सगळं त्या जाडजूड जॅकेट-पँटमध्ये, आतला टीशर्ट पिळला तर पाणी निघेल एवढा घाम. मागच्या वेळी नुसतं पाणी दिलं होतं, शेवटच्या सिरीजला (शेवटच्या १० शॉट्सना) हात थरथरायला लागले तिचे. यावेळी मेडिकलमधून डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची पावडर आणली, २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच, ग्लासात अंदाजाने टाकू नका प्लीज. घोट घोट प्यायली, मधे केळं आणि मूठभर मनुका, पोरगी शेवटपर्यंत फ्रेश! चव खारट-गोड आहे, माठातल्या पाण्यात बरी लागते. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या.