नऊ महिने, चार वायरलेस कंट्रोलर आणि कालनिर्णयवरचे खाडे

आधीच सांगतो, मी काही टेक रिव्ह्यूवाला नाही. चिपळूणला राहतो, दिवसभर दुकान, रात्री साडेनऊनंतर दीड-दोन तास गेम, रविवारी जरा जास्त, एवढंच. पण मागच्या जूनपासून घरात चार वायरलेस कंट्रोलर, म्हणजे गेम खेळायचे बिनवायरचे पॅड, जमलेत (कसे जमले ते विचारू नका, बायकोनेही विचारणं सोडलंय) आणि एका चार्जमध्ये कोण किती तास चालतो ते मी कालनिर्णयवर लिहीत आलोय, दुधाच्या खाड्यांच्या बाजूला. आई खाडे पेन्सिलने मांडते म्हणून मी लाल पेन घेतलं, तरी ऑगस्टात घोळ झालाच, माझे साडेसात तास तिने साडेसात लिटर धरले आणि दूधवाला बिचारा दारात उभा राहून हसत होता.

तर चार म्हणजे सोनीच्या पीएस५ या गेम कन्सोलचा डुअलसेन्स, एक्सबॉक्सचा आत्ताचा वायरलेस पॅड (कन्सोल नाहीये माझ्याकडे, पीसीवर वापरतो), ८बिटडोचा अल्टिमेट ब्लूटूथ, आणि निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलचा प्रो कंट्रोलर. हा शेवटचा माझा नाही, मामेभाऊ दुबईहून आला तेव्हा स्विचसकट घेऊन आला आणि "राहू दे तुझ्याकडे, मे महिन्यात येईन तेव्हा नेतो" म्हणून ठेवून गेला.

डुअलसेन्सपासून सुरू करतो कारण रोज हातात तोच असतो. आत १५६० एमएएचची (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं हे माप) बॅटरी आहे, आधीच्या डुअलशॉक ४ला १०००ची होती, म्हणजे दीडपट मोठी, आणि तरी माझ्या कॅलेंडरवर त्याचे आकडे सगळ्यात कमी आहेत. कार रेसिंग, सगळे इफेक्ट फुल्ल, तर साडेसहा ते सात तास. फुटबॉल, ट्रिगर (मागे बोटाने ओढायचे ते दोन घोडे, ओढताना विरोध जाणवतो तो त्यांचा इफेक्ट) इफेक्ट वीकवर, तर नऊच्या आसपास. एकदा मुद्दाम व्हायब्रेशन बंद, ट्रिगर इफेक्ट बंद, दिवा मंद असं करून बघितलं तर अकरा तास गेला. पुतण्या म्हणाला, काका हे सगळं बंदच करायचं होतं तर घेतलात कशाला? बरोबर आहे त्याचं. साधी व्हायब्रेशन म्हणजे मोटरला वाकडं वजन लावून फिरवणं, याच्यात मात्र स्पीकरच्या कॉइलसारखी कॉइल असते, म्हणून तर खडीवरून गाडी गेली की हाताला खडी कळते आणि चिखल वेगळा कळतो, शिवाय दोन्ही ट्रिगरना आपापली छोटी मोटर नि गिअर, वर स्पीकर, माइक, दिवा. एवढं बिऱ्हाड पोसायचं म्हणजे बॅटरी पिणारच. माझा हिशोब सरळ आहे, तिसऱ्या-चौथ्या रात्री चार्जिंगला लावायचा. रेस्ट मोडमध्ये, म्हणजे कन्सोल झोपवलेला असताना, यूएसबीला पॉवर देण्याचं सेटिंग आहे ते चालू ठेवलं की रात्रीत होऊन जातं. फक्त पावसात आमच्याकडे रात्री लाईट जाते, टीव्हीचा प्लग इन्व्हर्टरवर नाही, मग सकाळी बघावं तर चार्ज अर्धाच.

याच्या अगदी उलट तो प्रो कंट्रोलर. १३०० एमएएच, म्हणजे डुअलसेन्सपेक्षा लहान बॅटरी, आणि कंपनी म्हणते ४० तास. मला आधी वाटलं कंपन्या म्हणतातच. पण हा खरंच संपत नाही हो! नऊ महिन्यांत कॅलेंडरवर याच्या चार्जिंगच्या खुणा सातच आहेत आणि त्यातली एक पुतण्याने उगाच लावला होता म्हणून. एकदा पूर्ण उतरला की भरायला मात्र सहा तास घेतो. पण याचं गुपित बघा, स्पीकर नाही, ट्रिगर म्हणजे नुसती बटणं, दाबलं की चालू, सोडलं की बंद, मधलं काही नाही. प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचे गेम, खेळायला झकास, पण रेसिंगमध्ये ॲक्सिलरेटर अर्धा दाबायचा असेल तर तिथे काम संपलं.

जाता जाता, हे काही आजचं नाही. निन्टेंडोने २००२ मध्ये आपल्या गेमक्यूब कन्सोलसाठी वेव्हबर्ड नावाचा वायरलेस पॅड काढला होता, दोन पेन्सिल सेलवर शंभर तासांचा दावा, आणि त्यासाठी व्हायब्रेशनच काढून टाकली होती. हाताला मजा पाहिजे की तास पाहिजेत, हा सौदा तेव्हापासून चालूच आहे.

आता पेन्सिल सेलचा विषय निघालाच आहे तर एक्सबॉक्सकडे येतो. घेतला तेव्हा मीच नाक मुरडलं होतं, एवढे पैसे मोजायचे आणि आत रिमोटसारखे सेल घालायचे? नऊ महिन्यांनी मी या पॅडचा भक्त झालोय आणि तो सेलमुळेच. चार्जेबल सेलचे दोन जोड घेतले, २००० एमएएचवाले, एक पॅडमध्ये, एक चार्जरवर. कंपनी ४० तासांपर्यंत म्हणते, मला एका जोडात सत्तावीस ते तीस मिळतात, पण खरी गंमत आकड्यात नाहीच. संपले की मागचं झाकण काढायचं, जोड बदलायचा, दहा सेकंदात खेळ पुन्हा चालू, वायर नाही, सोफ्यापासून प्लगपर्यंतची ओढाताण नाही, आणि लाईट गेली असेल तरी काही बिघडत नाही (मॉनिटर चालू पाहिजे म्हणा, पण तो इन्व्हर्टरवर आहे). दोन-तीन वर्षांनी हे सेल म्हातारे झाले तर कुठल्याही दुकानातून नवे आणीन, कंट्रोलर उघडायची पण गरज नाही.

एकच लक्षात ठेवा, चार्जेबल सेल टाकलेत तर स्क्रीनवरच्या बॅटरीच्या चिन्हावर जाऊ नका. साधा सेल १.५ व्होल्टवरून हळूहळू उतरत जातो, चार्जेबल सेल १.२ला बराच वेळ ठाण मांडून बसतो आणि शेवटी धाडकन पडतो, त्यामुळे चिन्ह सांगतं आहे-आहे आणि ऐन शेवटच्या लॅपला पॅड बंद. भरवशाच्या म्हशीला टोणगा. मी पंचवीस तास झाले की चिन्ह न बघताच जोड बदलतो, कालनिर्णय झिंदाबाद.

आणि सेलचा एक धडा मला जुलैत मिळाला. चार्जेबल सेल आईने हॉलच्या घड्याळाला आणि टॉर्चला लावले होते (ही चोरी आजही चालू आहे), म्हणून मी ड्रॉवरमधले कुठले तरी जुने अल्कलाइन सेल पॅडमध्ये टाकले आणि मग पंधरा दिवस घरात पाहुणे, गेमला हातच लागला नाही. झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरी बुरशी आल्यासारखं. बुरशी नव्हे ती, सेल पाझरला होता. आतलं द्रव्य अल्कली असतं म्हणून त्याला आंबट लागतं, तर कान कोरायच्या काडीला लिंबाचा थेंब लावून स्प्रिंग हळूच पुसली, फसफस आवाज आला, मग कोरड्या काडीने पुसून पंख्याखाली रात्रभर ठेवला. वाचला. चूक माझीच, महिना-पंधरा दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवायचे हे ट्रान्झिस्टरच्या काळापासून घरोघरी सांगतात.

८बिटडोबद्दल फार लिहीत नाही कारण तो तक्रारीला जागाच देत नाही. १००० एमएएच, कंपनी २२ तास म्हणते, मला अठरा-एकोणीस. सोबत चार्जिंगचा स्टँड येतो, खेळून झालं की देव्हाऱ्यात समई ठेवावी तसा त्यावर ठेवायचा, त्यामुळे बॅटरी संपली हा प्रसंग एकदाच आला.

आता बांधणी. वजनाला डुअलसेन्स २८०च्या आसपास, एक्सबॉक्स सेल धरून तेवढाच, प्रो कंट्रोलर २४६ ग्रॅम, हातात तिन्ही भरीव लागतात, पिळून बघितलं तर कुरकुर नाही. डुअलसेन्सच्या मागच्या बाजूला जो खरखरीतपणा आहे ना, तो मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा कधीतरी, साधे दाणे नाहीत ते, त्रिकोण-गोल-फुली-चौकोन अशी बारीक चिन्हं आहेत हजारोंनी. मला हे कळलं ते दिवाळीत, कारण चिवड्याची हळद त्या चिन्हांमध्ये जाऊन बसली होती आणि मी मऊ टूथब्रशने साफ करत होतो. पांढरा रंग आणि चिवडा, आपलंच चुकलं. एक्सबॉक्सच्या ट्रिगरवर पण बारीक ठिपके आहेत, घामेजल्या हाताला ते फार बरे, आमच्याकडे मे महिन्यात पंख्याखाली बसूनही तळवे ओले असतात. त्याचा डी-पॅड (फुलीच्या आकाराचं दिशेचं बटण) टकटक वाजतो, मला तो आवाज आवडतो, शेजारी झोपलेल्या माणसाला विचाराल तर उत्तर वेगळं येईल.

या चारांच्या आधी एक स्वस्तातला पॅड होता, नाव घेत नाही. त्याला मुठीवर रबराचा थर होता, दुकानात हात लावल्यावर काय मऊ वाटला! दुसऱ्या पावसाळ्यात तो थर चिकट झाला, गुळाची ढेप धरल्यासारखा, आणि काळा रंग बोटांना लागायला लागला. तेव्हापासून कोकणातल्या माणसाला माझा सल्ला, रबर कोटिंग दिसलं की पुढे चला. प्लॅस्टिकवरच उठवलेला खरखरीतपणा टिकतो, वरून फासलेला नाही.

त्याच पॅडला नंतर ड्रिफ्ट पण आला, म्हणजे काठीला (अंगठ्याने फिरवायची ती छोटी दांडी) हात न लावता प्लेयर आपला डावीकडे चाललाय. वॉरंटीवाल्यांनी 'फिजिकल डॅमेज' म्हणून हात वर केले. शेवटी पुण्याला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत एका पोराला दाखवला. त्याने समोर उघडून दाखवलं. जुन्या रेडिओचा आवाजाचा कान पिळताना खरखर यायची आठवतंय? तेच दुखणं. काठीखाली कार्बनची पट्टी असते, तिच्यावर पत्र्याची जीभ घासत फिरते, पट्टी झिजली की कंट्रोलरला मधला बिंदूच सापडत नाही. एक काठी बदलायची तर सोल्डरचे १४ पॉइंट सोडवायचे, पोराने वीस मिनिटांत केलं, मी घरी केलं असतं तर बोर्ड जाळला असता.

आणि महागातल्या पॅडमध्ये वेगळं काही असेल असं वाटत असेल तर नाही, माझ्या चारांपैकी तिघांत याच जातीची घासणारी काठी आहे. ८बिटडोत तेवढी हॉल इफेक्ट, म्हणजे चुंबक आणि सेन्सर, घासायला काही नाहीच. तंत्र जुनंच आहे, सेगाच्या ड्रीमकास्टच्या पॅडमध्ये १९९८ सालीच चुंबकाची काठी होती, मग मधली पंचवीस वर्षं सगळे काय करत होते देव जाणे. सोनीच्या डुअलसेन्स एज या महागड्या पॅडमध्ये काठीचा अख्खा मॉड्यूल आपला आपण काढून बदलता येतो, ते मला फार पटतं, पण त्याच्यात बॅटरी १०५० एमएएचच टाकलीये, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

म्हणून आता कोणी दुकानात येऊन विचारलं की कुठला पॅड जास्त तास चालतो, तर मी उलट विचारतो, तीन वर्षांनी बॅटरी किंवा काठी गेली तर तू काय करणार आहेस? डुअलसेन्सची बॅटरी तशी बदलता येते, चार स्क्रू, आत साध्या कनेक्टरवर बसलेली असते, फक्त वरची काळी पट्टी आणि एल१-आर१ (ट्रिगरच्या वरची दोन बटणं) काढताना मन घट्ट करावं लागतं. नऊ महिन्यांत माझी पहिल्यापेक्षा अर्धा तास कमी झालीये, ते चालायचंच. पीसीवाल्याला मी एक्सबॉक्स आणि सेलचे दोन जोड सांगतो, बजेट कमी असेल तर हॉल इफेक्टवाला कुठलाही बरा पॅड, पीएस५ असेल तर डुअलसेन्सला पर्याय नाही, ते ट्रिगर दुसरीकडे सहसा मिळत नाहीत.

प्रो कंट्रोलर मे महिन्यात जाणार. मामेभावाला फोनवर सहज म्हटलं, स्विच ने हवा तर, पॅड राहू दे. तो म्हणाला, बरं, मग तुझे ते सेलचे चार्जर नि दोन जोड मला दे. आत्ता बघतोय तर चार सेलांपैकी एक घड्याळात आहे, एक टॉर्चमध्ये, आणि एक कुठे गेला ते आई सांगत नाहीये.