आवाज येतो ना? मग फसवणूक कसली?

क्यूआर कोड पाठवून "पैसे रिसीव्ह करायला पिन टाका" म्हणणारे, बदली झाली म्हणून घाईत फ्रिज विकणारे खोटे फौजी, ही मंडळी मला तोंडपाठ आहेत. ऑफिसातल्या दोघांना मीच वेळेवर थांबवलंय. त्यामुळे माझा नियम ठरलेला होता: वस्तू डोळ्यांनी बघायची, कानांनी ऐकायची, मगच पैसे. बघितली, ऐकली, दिले. सगळं मिळून ५२,१५० रुपये. आता सांगा, मी हावरट की मूर्ख? दोन्ही ऐकून झालंय. बायको तर फक्त बघते, बोलतही नाही.

विषय ट्यूब ॲम्पचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या गिटारच्या ॲम्प्लिफायरचा. कॉलेजात गिव्हसनची गिटार बडवली, मग नोकरी, लग्न, हप्ते. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि सोबतचा छोटा ट्रान्झिस्टर ॲम्प महिनाभरात कानाला बोचायला लागला. ज्यांनी ट्यूबचा आवाज जवळून ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी ऐकला नाही ते सुखी आहेत, त्यांनी तसंच राहावं.

घरी वाजवायला ट्यूब ॲम्प घेणाऱ्याची अडचण एकच. ट्यूब खरी बोलते ती तिला रेटल्यावर, आणि रेटलं की आवाज थेट वरच्या मजल्यावर. लोकांना वाटतं १५ वॉट म्हणजे ३० वॉटच्या निम्मा आवाज. तसं नसतं. कानाला आवाज निम्मा वाटायला ताकद दहा पटींनी कमी करावी लागते. म्हणून तर मार्शल घरासाठी एका वॉटचा डीएसएल ॲम्प काढते, आणि फेंडरचा जुना चँप ५ वॉटचा असूनही बेडरूममध्ये पुरून उरतो. हे मला माहीत होतं. क्लासमधल्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पाच वॉटच्या वर जाऊ नकोस, सोसायटीत राहतोस तू." पण माझ्या डोक्यात फेंडरचा ब्लूज ज्युनिअर बसला होता. १५ वॉट, बारा इंची स्पीकर, मागे दोन ईएल८४ आणि तीन १२एएक्स७ जातीच्या ट्यूब. नवा आवाक्याबाहेरचा. म्हणून सेकंडहँड.

आणि मग ती जाहिरात. ब्लूज ज्युनिअर, अमेरिकन पीस, ५५,००० रुपये, खाली लिहिलेलं: "घरगुती वापरासाठी खास मॉड केलेला. आवाज बारीक, टोन फुल."

हे वाक्य वाचून मला हसू यायला हवं होतं. बारीक आवाजात फुल रेटलेल्या ट्यूबचा टोन हवा म्हणून लोक ॲटेन्युएटर घेतात, लोडबॉक्स घेतात (ॲम्पची ताकद स्पीकरच्या आधीच शोषणारे डबे), तरी कुरकुरतात. इथे कुणीतरी तो प्रश्न एका मॉडमध्ये, म्हणजे आतल्या एका फेरफारात, सोडवला होता आणि वर डबा निम्म्या किमतीत विकत होता. पण मला नेमकं तेच हवं होतं ना! जे हवं असतं ते कुणी लिहून दाखवलं की माणूस शंका काढत नाही, पत्ता विचारतो.

रात्री दोन हजार टोकन यूपीआयने. शनिवारी सकाळी त्याच्या फ्लॅटवर. तिशीचा, चष्मेवाला, अतिशय अदबशीर मुलगा. "सर, चहा घेणार?" निळी भिंत, एक गादी, कोपऱ्यात ॲम्प. घरात बाकी काही नव्हतं, पण "शिफ्टिंग चाललंय" म्हणाला आणि मला पटलं. (रिकाम्या घरात कुणी वस्तू दाखवली तर आधी खाली उतरून वॉचमनला विचारा, हा इथे कधीपासून राहतो. मी नंतर विचारलं. नऊ दिवस.)

आता तो क्षण. रोज रात्री डोळ्यांसमोर येतो म्हणून सविस्तर लिहितो.

त्याने माझ्यासमोर स्विच वर केला. लाल दिवा लागला. मी आधीच केबल लावून गिटार मांडीवर घेतलेली, हात तारांवर. आणि आवाज आला. तत्काळ. दिवा लागला आणि माझा ई कॉर्ड खोलीत.

ट्यूब म्हणजे आत तापणारी तार. ती तापेपर्यंत ॲम्प मुका असतो. पंधरा-वीस सेकंद तरी जातात, मग आवाज दुरून चालत आल्यासारखा येतो. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ बातम्यांच्या आधी लावून ठेवावा लागायचा तो त्याचसाठी. मी त्या रेडिओसमोर लहानाचा मोठा झालोय! आणि मला जाणवलं होतं, हे विशेष. मी म्हणालो, "लगेच चालू झाला?"

तो म्हणाला, "सर, स्टँडबायवर ठेवला होता, तुम्ही येणार म्हणून."

मी मान डोलावली. स्टँडबाय म्हणजे आवाज बंद ठेवून नळ्या तापत्या ठेवणं, आणि ब्लूज ज्युनिअरला स्टँडबायचा स्विच नसतोच. मी या ॲम्पची माहिती सहा महिने वाचत होतो, पॅनेलवरची बटणं मला झोपेत सांगता आली असती. व्हॉल्यूम, फॅट, ट्रेबल, बास, मिडल, मास्टर, रिव्हर्ब. स्टँडबाय कुठे आहे यात? आणि स्टँडबायवर होता तर लाल दिवा आधी बंद का होता? त्या वेळी डोक्यात फक्त एवढंच होतं की आवाज बारीक आहे आणि टोन फुल आहे.

मागून वाकून बघितलं तर काचेच्या नळ्या मस्त नारिंगी पेटलेल्या. "जेजेच्या आहेत सर, स्लोव्हाकियाच्या, नव्या टाकल्यात." हात लावला नाही. कोण लावेल? चटका बसतो. नेमका हाच त्याचा भरवसा. तुम्ही काच टिचवू नका, पण अर्ध्या तासाने तळहात जवळ नेऊन बघा. धग लागली नाही तर उठा आणि घरी या.

आणखी एक कौतुक केलं मी: "हम अजिबात नाही!" खऱ्या ट्यूब ॲम्पला थोडी कुरकुर, थोडी फुसफुस असते. हा शांत, म्हटलं चांगला सांभाळलाय. घासाघीस करून ४६,५०० ला आणला तेव्हा मीच जिंकलो असं वाटत होतं. २४,५०० यूपीआय, २०,००० रोख. रोख कशाला? तो म्हणाला, लिमिट संपतंय. शिवाय अमेरिकन पीस म्हणजे १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०, थेट लावला तर जळणार, म्हणून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, तो त्याच्याकडेच "जास्तीचा" होता. ४,५०० रोख. टेम्पो ६५०.

टेम्पोपर्यंत ॲम्प त्यानेच आणला. तीन मजले, एका हाताने, दुसऱ्या हातात फोन. चौदा-एक किलोचा असतो हा ॲम्प, कारण आत दोन लोखंडी ट्रान्सफॉर्मर लोंबत असतात. मी मागून स्टेपडाउनचं धूड दोन्ही हातांनी कवटाळून धापा टाकत उतरत होतो आणि मनात म्हणत होतो, पोरगा तब्येतीचा आहे.

अकरा दिवस मी सुखात होतो. व्हिडिओ टाकले. "क्या टोन है" अशा प्रतिक्रिया आल्या, त्या अजून तिथे आहेत, काढायची लाज वाटते आणि ठेवायचीही.

बाराव्या दिवशी आईने खोली झाडली. तो जड डबा बाजूला सरकवला आणि ॲम्पची वायर सरळ भिंतीत लावून ठेवली. मी संध्याकाळी न बघता स्विच टाकला, दहा मिनिटं वाजवलं, आणि मग पायाशी बघितलं. १२० चा ॲम्प २३० वर. फ्यूज उडायला हवा होता, निदान धूर तरी. पहिली भावना काय आली असेल? "वाचलो बुवा." दोन-तीन मिनिटांनी पोटात गोळा आला.

पेठेत एक काका आहेत, जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह अजून कागदात गुंडाळून ठेवलेत त्यांनी. त्यांच्याकडे नेला. चालू करून अर्धा तास तसाच ठेवला आणि मला म्हणाले, "लावा हात." मी लावला. काच गार. काकांनी नळी हलवून उपसली, तरी नारिंगी उजेड तिथेच. सॉकेटच्या भोकात दिवाळीच्या माळेतला असतो तसा एलईडी, गरम गोंदाने चिकटवलेला, गोंदाचं एक केसासारखं तार नळीबरोबर ओढत वर आलं. नळ्या खऱ्या, पण मेलेल्या. पिना कशालाच जोडलेल्या नाहीत. खाली ट्यूबच्या आवाजाची नक्कल करणारा तळहाताएवढा ट्रान्झिस्टरचा मॉड्यूल बोर्ड, आणि लॅपटॉपच्या चार्जरसारखा पॉवर सप्लाय, त्यावर छापलेलं: १००-२४०. म्हणजे तो ४,५०० चा स्टेपडाउन लागतच नव्हता! फसवणुकीच्या आत आणखी एक फसवणूक, बोनस म्हणून. बारीक आवाजात फुल टोन का येत होता, याचंही उत्तर तो बोर्डच होता.

स्प्रिंग रिव्हर्बची, म्हणजे स्प्रिंगमधून आवाज घुमवणारी, टाकीही गायब. ही तपासणी तर लहान मूलही करेल: रिव्हर्ब वाढवून ॲम्पला बाजूने टपली मारा, खऱ्याची स्प्रिंग ढगासारखी गडगडते. मी टपली मारली नाही, कारण दुसऱ्याची वस्तू. संस्कार! काकांनी ५०० घेतले, तेही संकोचत.

(पण स्वतः स्क्रू काढून मागचं पॅनेल उघडू नका. खरा ट्यूब ॲम्प निघाला तर आत ३०० व्होल्टच्या वरचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. ४६ हजार वाचवताना जीव जायचा.)

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर. मग ठाणे अंमलदार.

"काय झालं?"

सांगितलं. ट्यूब, ट्रान्झिस्टर, एलईडी, सगळं.

"आवाज येतो ना?"

"येतो, पण..."

"मग फसवणूक कसली? डबा मिळाला, आवाज येतो."

मी म्हटलं, साहेब, सोनं म्हणून पितळ दिलंय. ते म्हणाले, पितळेची पावती आहे का? पावती नव्हती. सेकंडहँडला कोण पावती देतं? घ्या. साध्या कागदावर का होईना, "ट्यूब ॲम्प, चालू स्थितीत, इतके रुपये, रोख मिळाले" असं लिहून सही घ्या. माझे २४,५०० रोख गेले ते अर्जात लिहिता येतात, दाखवता येत नाहीत. पुरावा फक्त २६,५०० चा.

दुसऱ्या खेपेला सांगितलं, यूपीआय आहे, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोरासमोर व्यवहार केलात, हे सायबर कसं? ठाण्याकडे जा. ठाणे म्हणे, फ्लॅट आमच्या हद्दीत नाही. तिसऱ्या खेपेला "मुद्देमाल आणा". आणला, रिक्षातून. एका हवालदारांनी कौतुकाने प्लग लावायला सांगितला, मी उभ्या-उभ्या दोन कॉर्ड वाजवले, आणि ते मनापासून म्हणाले, "मस्त वाजतंय की हो!" माझ्या तक्रारीचा निकाल तिथेच लागला. "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढं मी वाचून गेलो होतो. म्हणालो तर, "मग तुम्हीच लिहा एफआयआर." बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगाचा विचार केला, तर वकील म्हणाले, घरगुती वस्तू विकणारा खासगी माणूस दुकानदार ठरवायचा कसा? आणि नोटीस पाठवायचे ७,५०० वेगळे. पाठवायची कुठे? निळ्या भिंतीला? फ्लॅट महिन्याच्या भाड्याचा, पैसे गेले ते खातं कुठल्याशा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं, दुकानदार म्हणतो, मित्राने स्कॅनर वापरला.

हो, स्कॅन केल्यावर नाव दुसरंच आलं होतं. बघितलं होतं मी. "भावाचं आहे सर." ज्याच्याकडून घेताय त्याचंच नाव आलं नाही तर तिथेच थांबा, आणि पैसे गेल्याचं कळलं की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. माझे बारा दिवस टोन ऐकण्यात गेले.

आणि कृपया कुणी "चेक करायला जाणकार न्यायचा होता" असं लिहू नका. मीच जाणकार होतो. मित्र मलाच नेतात.

अर्जाचा क्रमांक आहे माझ्याकडे, पुढे काही नाही. ॲम्प बेडरूममध्ये आहे, उशीचा अभ्रा टाकून झाकलाय. गेल्या रविवारी सहज ॲप उघडलं तर तीच निळी भिंत, तोच डबा, डाव्या कोपऱ्याला तीच चंदेरी चिकटपट्टी. शहर नाशिक, किंमत ४९,०००. "घरगुती वापरासाठी खास मॉड केलेला." डबा माझ्या घरात आणि फोटो अजून विकायला. रिपोर्टचं बटण दाबलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: जाहिरात तपासली, नियमांचा भंग आढळला नाही.