थ्रॉटल साफ झाला, आयडलिंग बिघडले : दोन गॅरेजचा अनुभव

आमच्याकडे संत्र्याच्या वाहतुकीसाठी बीएस-६ मानकाचा, पेट्रोलवर चालणारा छोटा मालट्रक असून आंबिया बहाराच्या हंगामात तो जवळपास रोज रात्री वरुड भागातून काटोलमार्गे नागपूरच्या कळमना बाजारात जातो. गेल्या हंगामाच्या तोंडावर गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागले आणि गतिरोधकापाशी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंदही पडू लागले. ती प्रथम ज्या गॅरेजमध्ये नेली त्याच्या कामाविषयी, आणि ते काम नंतर ज्यांच्याकडून निस्तरून घ्यावे लागले त्यांच्याविषयी हे लिहीत आहे. पहिल्या गॅरेजचे नाव मुद्दाम देत नाही. क्लच, ब्रेक आणि कमान-पाट्यांच्या कामात तेथील मालकांचा हात उत्तम आहे.

निदान त्यांनी अचूक केले. एअर फिल्टरचा पाइप काढून त्यांनी मला थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात किती हवा जावी ते ठरवणारी, झडप दाखवली, तेव्हा तिच्या कडेला सगळीकडून काळा, चिकट कार्बन बसलेला होता आणि बोट लावताच ते काजळ घातल्यासारखे काळे झाले. मात्र साफसफाईच्या वेळी दोन गोष्टी खटकल्या. एक तर त्यांनी थ्रॉटलसाठीचा वेगळा स्प्रे न वापरता कार्बोरेटर क्लीनर मारला. काही थ्रॉटलच्या आतल्या भागावर जो पातळ लेप असतो, तो अशा तीव्र द्रावणाने निघू शकतो. दुसरे म्हणजे चावी चालू ठेवून त्यांनी झडप स्क्रूड्रायव्हरने ढकलून उघडली. ही झडप वायरने नव्हे, तर मोटारीने आणि लहान गिअरच्या दातांनी हलते, त्यामुळे तिच्यावर असा जोर लावणे धोक्याचेच. या कामाचे ६०० रुपये झाले.

गाडी सुरू केली आणि इंजिन पाय न लावताच रेस घेऊ लागले. आवाज चढायचा, एकदम पडायचा, पुन्हा चढायचा. ‘दोन-चार दिवस चालू द्या भाऊ, आपोआप बसते,’ असे सांगून त्यांनी मला वाटेला लावले. हे सांगणे अगदीच खोटे नव्हते. कार्बन साचत जातो तशी हवेची वाट अरुंद होते, आणि गाडीचा कॉम्प्युटर आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाचे इंजिनाचे संथ चालणे, टिकवण्यासाठी झडप थोडी थोडी अधिक उघडी ठेवायला शिकतो. कार्बन निघाल्यावरही तो त्याच जुन्या सवयीने झडप उघडतो, म्हणून गरजेपेक्षा जास्त हवा आत येते. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिनाचे फेरे फार वाढले, की तो पेट्रोल तोडतो, फेरे उतरले की पुन्हा सोडतो, आणि तेच ते वर-खाली होणे आपल्या कानाला ऐकू येते. काही गाड्या ही नवी स्थिती चालता-चालता शिकतात, काहींना स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने, शिकवावी लागते. आमची दुसऱ्या प्रकारातली होती, आणि त्या गॅरेजमध्ये स्कॅनर नव्हता.

चौथ्या दिवशी परत गेलो, तेव्हा त्यांनी अगोदर बॅटरीचा टर्मिनल अर्धा तास काढून ठेवला. उपयोग झाला नाही, तेव्हा कार्बोरेटरच्या जुन्या सवयीने त्यांनी झडपेचा स्टॉप-स्क्रू, म्हणजे झडप कुठवर मिटावी ते ठरवणारा स्क्रू, फिरवला. माझी खरी तक्रार येथे आहे. त्या स्क्रूवर कंपनीने मारलेला पांढऱ्या रंगाचा ठिपका असतो, तो फिरवायचा नाही एवढाच त्याचा अर्थ. त्या रात्री इंजिनातला बिघाड दाखवणारा चेक लाइट लागला. २० किलोचे ३० क्रेट भरून काटोलच्या पुढे जाताना पाय काढला तरी गाडी पुढे रेटत होती, आणि प्रत्येक वळणावर ब्रेकवर भार येत होता.

आमच्या भागातील बहुतेक कारागीर ट्रॅक्टर आणि डिझेल जीपवर शिकलेले आहेत. डिझेल इंजिनाचे आयडलिंग प्रामुख्याने इंधनाच्या मात्रेवर ठरते, हवेच्या झडपेवर नाही, त्यामुळे साफसफाईनंतर शिकवणी लागते हे त्यांच्या अंगवळणी पडलेले नाही. यात त्यांचा कमीपणा नाही. पण मग स्क्रूला हात लावण्याआधी ‘हे माझ्याकडचे काम नाही’ असे सांगायला हवे होते.

दुसरे गॅरेज मोर्शीच्या रस्त्याला आहे. तेथील तरुण मेकॅनिकने स्कॅनर लावला, तर पी०५०७ हा बिघाडाचा कोड निघाला, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त. पडद्यावर इंजिनाचे फेरे मिनिटाला ९०० ते १६०० यांच्यात झुलत होते. त्याने लगेच कोड पुसला नाही. गॅस्केट आणि रबरी नळ्यांना कुठे हवेची गळती आहे का ते अगोदर तपासले, मग टॉर्चच्या उजेडात भिंग धरून, स्क्रू फिरवल्याने फाकलेले पांढऱ्या ठिपक्याचे दोन तुकडे जुळेपर्यंत तो मागे फिरवला. इंजिन पुरते तापल्यावर दिवे आणि टेप बंद केले, स्कॅनरवरून जुनी शिकवण पुसली, आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी दहा मिनिटे उभी ठेवली. फेरे दोनदा डगमगले आणि ८५० च्या आसपास येऊन थांबले. त्याचे ५०० रुपये झाले.

दुसऱ्या गॅरेजविषयी माझी एकच तक्रार : दुकान सकाळी अकराच्या आत उघडत नाही, आणि रात्रभर गाडी चालवून आलेल्याला तोवर टपरीवर बसावे लागते. पुढील महिन्यात क्लचप्लेट बदलायची आहे. ती मी पहिल्या गॅरेजमध्येच बदलून घेणार आहे. थ्रॉटलचे झाकण मात्र तेथे उघडू देणार नाही.