पक्षी टिपण्याच्या लपणासाठी कॅमो जाळी: हंगामभर वापरल्यानंतर

पक्ष्यांचे फोटो काढताना लपून बसायच्या आडोशासाठी, म्हणजे लपणासाठी, गेल्या पावसाळ्यानंतर घेतलेल्या दोन कॅमो (आजूबाजूच्या रंगांत मिसळून जाणाऱ्या) जाळ्या मी वैशाख सरेपर्यंत वापरल्या. एक पानं कापलेली, दुसरी वरून पानं शिवलेली. जोडीला शेतीची शेडनेट आणि गोणपाटही आलटूनपालटून लावून पाहिलं. जागा मुख्यतः दोन होत्या: सासवड, जेजुरी, सुपे या पट्ट्यातली माळरानं आणि उजनी धरणाच्या फुगवट्याचा भिगवणकडचा काठ. एके ठिकाणी कोरडं गवत, बोरी-बाभळी आणि वारा, तर दुसऱ्या ठिकाणी चिखल, दव आणि उघडं आकाश. त्यामुळे जाळीची परीक्षा दोन्हीकडून झाली.

निकाल आधीच सांगतो, कारण काही जण खरेदीच्या तोंडावर हे वाचत असतील. जाळीवरचा छाप सगळ्यात शेवटी बघा. आधी जाळीचा आवाज, मग चकाकी, मग वाऱ्यातली फडफड, आणि या सगळ्यांहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या पाठीमागे काय आहे ते. विक्रेते मात्र छापाबद्दलच बोलतात.

पानं कापलेली जाळी म्हणजे पातळ पॉलिस्टर कापडाला अर्धगोल चिरा देऊन, ते ताणून मागच्या दोऱ्यांच्या जाळीवर शिवलेलं असतं. चिरा उघडल्या की कापडाच्या जिभा बाहेर येतात आणि त्यांच्या सावल्या पडतात. खरं काम या सावल्याच करतात. मी दीड मीटर बाय तीन मीटरची घेतली, एक बाजू हिरवट, दुसरी वाळक्या गवतासारखी. हजार-बाराशे रुपयांत आली, वजन किलोच्या आत, घडी पाठपिशवीत मावते. एका माणसाच्या बसक्या लपणाची पुढची बाजू आणि दोन्ही कुशी झाकायला एवढी पुरते. मागच्या बाजूला ती लावायची गरजच नसते, ते पुढे येईलच.

दोन रंगांचा फायदा खरा आहे. कार्तिकापर्यंत माळावर हिरवा रंग टिकतो, नंतर सगळं पिवळं आणि मग मातकट होत जातं. माघानंतर हिरवी बाजू मी एकदाही बाहेर काढली नाही. फक्त माळरानावरच बसणार असाल तर हिरवी जाळी घेऊच नका.

नवी असताना ही जाळी कुरकुरते. कापडाला मागून पाणी अडवणारा लेप असेल तर जास्तच. पहाटे माळावर इतकी शांतता असते की कोपर लागलं तरी चंडोल गाणं थांबवतो. घेताना जाळीचा कोपरा कानाजवळ नेऊन मुठीत चुरगाळा. कागदासारखा आवाज आला तर ती नको, मऊ सुती कापडासारखी वाटली तर चालेल. मागवून घेत असाल तर परत करायची सोय असलेली घ्या आणि ही तपासणी घरी आल्याबरोबर करा. लेप नसलेलं कापड काही धुण्यांनंतर मऊ पडतं. लेपाचं कापड सहसा सुधारत नाही.

चकाकी तपासायला बॅटरी पुरते. अंधाऱ्या खोलीत जाळी टांगा आणि उजेड जमिनीलगत तिरका मारा, कारण सकाळचं ऊन तसंच येतं. चकचकीत पट्टे दिसले तर छाप कितीही हुबेहूब असो, तो वाया गेला. दुसरी तपासणी नोटा ओळखायच्या जांभळ्या दिव्याची. अनेक पक्ष्यांना आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात, आणि आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात तर त्यांच्या डोळ्यांत चार. कापडात किंवा साबणाच्या पावडरीत उजळपणासाठी घातलेली द्रव्यं त्या किरणांत निळसर पांढरी चमकतात. म्हणजे आपल्याला मातकट दिसणारं कापड पाखराला वेगळंच दिसू शकतं. म्हणून मी जाळी रिठ्याच्या पाण्यात धुतो, मग गाळमाती कालवलेल्या पाण्यात बुडवून गच्चीवर उन्हात टाकतो. नव्या जाळीला अशी चार-पाच उन्हं दिली की रंग बसतो आणि कोरेपणा जातो.

शिवलेल्या पानांची जाळी फोटोत फार सुंदर दिसते. झाडीत, ओढ्याच्या काठी, सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीसारख्या सावलीच्या जागी ती खरंच चांगली आहे. वारा कमी असतो, मागे पाचोळा असतो, आणि कस्तूर किंवा नाचण पाण्यावर येतात तेव्हा ती त्या पाचोळ्यात मिसळून जाते. माळरानावर मात्र तिचा उपयोग नाही. कुसळी गवत पिकलं की प्रत्येक पानात कुसळं रुततात आणि घरी येऊन ती एकेक करून उपटावी लागतात. बाभळीच्या काट्यात अडकली की पान फाटूनच सुटतं. आणि दुपारी वारा सुटला की सगळी पानं एकदम हलायला लागतात. माळावरचं गवत एका लयीत एका दिशेला झुकतं, ही पानं जागच्या जागी थरथरतात. पाण्याकडे येणारी माळटिटवी ते लांबूनच हेरते आणि ओरडत घिरट्या घालते. एकदा टिटवी ओरडली की त्या पाणवठ्यावरची सगळी पाखरं सावध होतात.

शेडनेटचा विचार बरेच जण करतात, कारण ती कृषी सेवा केंद्रात मीटरवर मिळते आणि स्वस्त पडते. पुढच्या बाजूला ती नको. तिचा हिरवा रंग आपल्या माळावर कुठल्याच महिन्यात दिसत नाही, आणि सपाट पत्र्यासारखी ताणली गेल्यामुळे तिच्यावर सावल्या पडत नाहीत. पण काळी, पंचाहत्तर टक्के सावलीची शेडनेट पाठीमागे लावायला उत्तम आहे. विकत घेताना गोल धाग्याची मागा. चपट्या पट्टीच्या धाग्याची जास्त सळसळते. गोणपाट आवाज करत नाही, चमकत नाही, रंगाने मातीत मिसळतं. पण उजनीच्या काठावर पहाटेच्या दवात ते ओलं होऊन जड होतं, लोंबतं आणि त्याचे तंतू लेन्सच्या काचेवर येऊन बसतात. कोरड्या माळावर खालच्या वीतभर कडेला लावायला मी ते अजूनही वापरतो.

आता पाठीमागची गोष्ट. जाळीला भोकं असतात. तुमच्या मागे उघडं आकाश किंवा उन्हातलं गवत असेल तर तो उजेड भोकांतून आरपार येतो आणि त्यात तुमचं डोकं, खांदे, कॅमेऱ्याकडे जाणारा हात सगळं काळ्या आकृतीसारखं दिसतं. मग जाळी कुठलीही असो. लपणाच्या आत बाहेरच्यापेक्षा गडद अंधार असला पाहिजे. म्हणून पाठीमागे आणि डोक्यावर काळी शेडनेट दुहेरी करून किंवा जाड काळं सुती कापड लावायचं, आणि कॅमो जाळी फक्त पुढे आणि बाजूंना. हे केल्यापासून त्याच जाळीने दिलेले निकाल इतके बदलले की महागडी तिसरी जाळी घ्यायचा विचार मी सोडून दिला. घरी खात्री करून घ्यायची असेल तर लपण उभारा, मित्राला आत बसवा, वीस पावलांवर पाखराच्या उंचीला डोळे आणून बघा आणि त्याला हात हलवायला सांगा. हात दिसला तर मागचं कापड अजून वाढवा.

अंगावरचे कपडेही गडदच हवेत. चेहरा आणि तळहात उजळ दिसतात, तेव्हा डोळ्यांसमोर बारीक विणीची मऊ जाळी आणि हातात पातळ मोजे. लेन्स मात्र जाळीतून रोखू नका. काचेला चिकटलेला दोरा फोटोत दिसत नाही, पण सगळं चित्र धुरकट करतो. लेन्सपुरती खिडकी कापून तिला इलॅस्टिक शिवून घ्या, म्हणजे ती नळीभोवती बसते. लेन्सचं तोंड जाळीच्या आतच राहू द्या. पाखराचं लक्ष छापाकडे नसतं, बाहेर आलेली गोल काच इकडून तिकडे फिरली की ते उडतं. टेली लेन्स पांढऱ्या रंगाची असेल तर तिलाही कापड गुंडाळा.

सांगाड्यासाठी बांबूच्या कामट्या सगळ्यात बऱ्या. पीव्हीसी पाइप हलके असतात, पण चकाकतात आणि सांध्यांत कुरकुरतात. जाळी सांगाड्यावर ताणून बसवू नका, थोडी सैल सोडा, पण खालची कड पक्की बांधा. मी कडेला नळीसारखी शिवण मारून घेतली आहे आणि जागेवर गेल्यावर तिच्यात वाळू भरतो. दगड ठेवले तर दोन दगडांमधली जाळी वाऱ्याने फुगते. वाळूची कड जमिनीला चिकटून राहते, आणि परत निघताना वाळू तिथेच ओतून द्यायची.

उजनीच्या काठावर बसकं लपणही उंच वाटतं, कारण आजूबाजूला गुडघाभर काहीच नसतं. तिथे पालथं झोपून, अंगावर चार कामट्यांची कमान करून त्यावर हीच जाळी टाकतो. जाळीवर थोडं काठचं वाळकं गवत खोचलं की पुरे. शेकाटे, चिखले, तुतवार चरत चरत अगदी जवळ येतात. पट्टकदंब या रानटी हंसांचं तसं नाही. त्यांचा थवा खूप लांबूनच मान वर करून बघत राहतो, आणि त्यांच्यासाठी जाळीपेक्षा होडीवाल्याच्या ओळखीच्या नावेतून संथपणे जाणं बरं.

माळावरच्या पाणवठ्यावर लपण लावणाऱ्यांनी पखुर्डी या माळरानी पक्ष्याचा विचार सगळ्यात आधी करावा. उन्हाळ्यात ती सूर्योदयानंतर ठरलेल्या वेळी थव्याने पाण्यावर येते. तिच्या या वक्तशीरपणामुळेच संस्थानी काळात बिकानेरजवळच्या गजनेर तलावावर आडोसे बांधून तिच्या जातभाईंच्या मोठ्या शिकारी होत. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी वाहून नेतो. तुमच्या जाळीला बिचकून थवा पाणी न पिता परतला, तर त्या दिवशी कुठेतरी पिल्लं तहानेली राहतात. जवळपास दुसरं पाणी नसेल तर तिथे लपण लावूच नये. असेल तर पाण्यापासून निदान पंचवीस-तीस पावलं लांब, एकाच बाजूला. अंधार असतानाच आत जायचं आणि थवे पिऊन जाईपर्यंत हलायचं नाही. थवा दोनदा घिरटी घालून न उतरता गेला, तर जाळी गुंडाळून निघून जायचं.

घरट्यासमोर जाळी लावणं हा विषयच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं. उजनीचं पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. पालक उठून गेले तर चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती उघडी अंडी भाजायला वेळ लागत नाही. अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे सुप्याला मयूरेश्वरमध्ये किंवा नांदूर मध्यमेश्वरला, काहीही उभारण्याआधी वनखात्याची परवानगी हवी.

छाप निवडताना एक काळजी घ्या. लष्करी गणवेशासारखा छाप टाळा. सैन्याने १५ जानेवारी २०२२ च्या लष्कर दिनाच्या संचलनात दाखवलेला नवा छाप तर त्यांच्या नावावर नोंदलेला आहे. गवताच्या काड्यांचा किंवा नुसत्या मातकट ठिपक्यांचा छाप घेतला तर गावातही प्रश्न कमी येतात. तरी येतातच. माळावर मेंढरं घेऊन आलेल्या एका आजोबांनी जाळी उचलून विचारलं, "पाव्हणं, मोजणी चाललीया का काय?" जमिनीच्या मोजणीची धास्ती खरी असते. "नाही बाबा, पाखरांचे फोटो काढतोय," म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर धाविक पक्षी दाखवला. त्यांनी तो ओळखला, आणि तो सकाळी कोणत्या बांधाला असतो तेही सांगितलं. आदल्या दिवशी जमिनीच्या मालकाला आणि मेंढपाळांना सांगून ठेवणं हे मी आता लपणाच्या तयारीतच धरतो.

जाळी रात्रभर जागेवर सोडून येऊ नका. पाखरांना सवय व्हावी म्हणून काही जण तसं करतात. सवय लावायची असेल तर नुसता कामट्यांचा सांगाडा ठेवा. दोऱ्यांच्या जाळीत धामण अडकते, पुढे जायला बघते आणि खवल्यांत दोरा रुतून मरते. लहान पाखरांचे पायही अडकतात. शिवाय सकाळी अंधारात तुम्ही त्याच जाळीखाली हात घालणार असता, आणि या पट्ट्यात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. मी उजेड मारून, काठीने कड उचलूनच आत बसतो.

टिकाऊपणाबद्दल: पानं कापलेल्या जाळीच्या दोन-तीन जिभा फाटल्या, मागचा दोऱ्यांचा थर शाबूत आहे. कोपऱ्यांतल्या धातूच्या कड्या ऊन लागलं की चमकत होत्या, त्या काढून सुतळीचे फासे शिवले. रंग थोडा उडाला आणि जाळी त्यामुळे सुधारली. शिवलेल्या पानांची जाळी माळावर विरळ झाली, ती आता फक्त ओढ्याकाठच्या सावलीसाठी राखली आहे. पैसे मोजकेच असतील तर लेप नसलेली, पानं कापलेली मातकट जाळी एक आणि काळी शेडनेट चार मीटर, एवढंच घ्या.