न्यू जर्सीत अटक-केसचं रेकॉर्ड एक्सपंज करून (म्हणजे कोर्टाच्या ऑर्डरने नोंदींतून काढून) देणारी ऑनलाइन सर्व्हिस: काम ठीक, पण व्हिसावाल्यांनो जरा थांबा

पाचपैकी अडीच स्टार, आणि त्यातला दीड तरी त्यांच्याकडे पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) असलेल्या मुलीचा, बिचारी प्रत्येक इमेलला त्याच दिवशी उत्तर द्यायची. फर्मचं नाव लिहीत नाहीये, कारण अशा बऱ्याच साइट्स आहेत आणि साचा सगळ्यांचा एकच, वर हसरा माणूस, "नवी सुरुवात करा" आणि खाली लगेच क्रेडिट कार्डचा फॉर्म.

प्रकरण माझ्या मावसभावाचं, त्याला विचारूनच लिहितेय. मास्टर्स करत असताना एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटला दोन-तीन वस्तू स्कॅन न होता पिशवीत गेल्या, तो म्हणतो चुकून, दुकानवाले म्हणाले मुद्दाम, आणि पोलीस अर्थातच दुकानवाल्यांचं ऐकतात. सगळा मिळून माल साठेक डॉलरचा. २०० डॉलरच्या आतलं शॉपलिफ्टिंग इथे डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्समध्ये, म्हणजे छोट्या गुन्ह्यांत मोडतं, टाउनच्या म्युनिसिपल कोर्टात चालतं आणि जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने. पहिलीच वेळ म्हणून त्याला कंडिशनल डिसमिसल मिळालं, म्हणजे गिल्टी म्हणायचं, कोर्ट शिक्षा न सुनावता वर्षभर लक्ष ठेवणार, त्यात काही भानगड नाही केली तर केस डिसमिस. मावशीला नाशिकला फोनवर "मिटलं गं सगळं" एवढंच सांगितलं, तिनेही देवाला पेढे ठेवले आणि विषय संपला.

संपला कुठला. नोकरी बदलताना बॅकग्राउंड चेकमध्ये ती अटक जशीच्या तशी वर आली. पुढे डिसमिस्ड लिहिलेलं होतं, तरी एचआरवाली पुन्हा पुन्हा तेच विचारायला लागली, आणि अटक हा शब्द एकदा दिसला की पुढचं कोण वाचतंय.

म्हणून ही सर्व्हिस. फी बाराशे डॉलर, सगळी आगाऊ. कामात खोट काढणार नाही, फॉर्म व्यवस्थित भरले, केस नंबर, अटकेची तारीख, कलम सगळं जुळवलं, पिटीशन सुपिरियर कोर्टात गेली, कोणी हरकत घेतली नाही, सुनावणीला जावं लागलं नाही आणि जजची सही असलेली ऑर्डर इमेलवर आली. पण नंतर कळलं की हे सगळं राज्याच्या कोर्टाच्या साइटवर आपलं आपण करता येतं. ईकोर्ट्स एक्सपंजमेंट म्हणून सिस्टिम आहे, अकाउंट काढायचं, ती तुमच्या केसेस शोधते, पिटीशन तयार करते आणि प्रॉसिक्यूटर (सरकारी वकील) वगैरे मंडळींना ऑनलाइनच पोचवते. फाइलिंग फी शून्य. आधी ७५ डॉलर होती, गव्हर्नर मर्फींनी डिसेंबर २०१९ मध्ये सही केलेल्या कायद्याने ती गेली. कंडिशनल डिसमिसल असेल तर केस डिसमिस झाल्यावर सहा महिने थांबलं की अर्ज करता येतो, आणि साधं कन्व्हिक्शन असेल तर डिसऑर्डर्ली पर्सन्सला साधारण पाच वर्षं. या सर्व्हिसच्या साइटवर "किचकट कायदेशीर प्रक्रिया" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. एका डिसमिस केसला कसली किचकट, आपल्याकडे रेशन कार्डावर नाव चढवायला याहून जास्त डोकं लागतं. हां, दोन-तीन काउंटीत केसेस असतील किंवा जुनी प्रकरणं सिस्टिममध्ये सापडत नसतील तर मात्र वकील कराच, तिथे पैसे वसूल आहेत.

तरी पैशांचा राग मला तेवढा नाही. राग याचा आहे की पूर्ण फॉर्ममध्ये, पहिल्या फोनवर, कुठेही त्यांनी "तुम्ही सिटिझन आहात का, व्हिसावर आहात का" हे विचारलंच नाही. उलट सेल्सवाला म्हणाला की ऑर्डर झाली की कायद्याने ते कधी घडलंच नाही असं धरतात. न्यू जर्सीच्या कायद्यापुरतं ते बरंचसं खरंय, तिथेही पोलिसात किंवा कोर्टात नोकरी मागितली तर सांगावंच लागतं. पण इमिग्रेशनवाले फेडरल, त्यांना राज्याच्या ऑर्डरचं काही पडलेलं नसतं. १९९६ पासून त्यांच्या कायद्यात कन्व्हिक्शनची वेगळीच व्याख्या आहे, गिल्टी म्हणालात आणि कोर्टाने काही ना काही बंधन घातलं की त्यांच्या लेखी कन्व्हिक्शन, मग राज्याने नंतर डिसमिस करू दे नाहीतर एक्सपंज. म्हणजे ज्या कंडिशनल डिसमिसलवर आम्ही पेढे वाटले तेच तिथे आडवं येतं. आणि बोटांचे ठसे तर अटकेच्या वेळीच दिलेले, म्हणजे लपवूनही उपयोग नाही.

भाऊ एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर), स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा लावून घ्यायला, मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये जायचं होतं. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात सरळ प्रश्न आहे, कधी अटक झालीय का, शिक्षा झालीय का, माफी वगैरे मिळाली असली तरी सांगा. तो येऊ घातलेल्या ऑर्डरच्या भरवशावर "नाही" टिकमार्क करणार होता! नशीब त्याच्या ऑफिसातल्या एका तेलुगू मित्राने आधी इमिग्रेशन वकील गाठायला लावलं. त्या बाई म्हणाल्या, साठ डॉलरचं प्रकरण एकवेळ चालून जाईल, एकच छोटा गुन्हा असेल तर पेटी ऑफेन्सची सवलत असते, पण फॉर्मवर खोटं लिहिलंस तर त्याचीच कायमची बंदी बसू शकते.

आणि मग त्यांनी विचारलं, सर्टिफाइड डिस्पोझिशन काढून ठेवलंयस का? म्हणजे केसचा निकाल काय लागला त्याचा कोर्टाच्या शिक्क्याचा कागद. व्हिसा ऑफिसरला तोच दाखवायचा असतो, ग्रीन कार्डला तोच, पुढे एन-४०० (सिटिझनशिपचा अर्ज) भरताना पण तोच. आणि गंमत बघा, एक्सपंज झाल्यावर कोर्टाच्या खिडकीवर तो मागितला की उत्तर मिळतं असं काही रेकॉर्डच नाही. तेव्हा पिटीशन फाइल झालेली होती पण ऑर्डर यायची होती, म्हणून भाऊ दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून म्युनिसिपल कोर्टात गेला आणि शिक्का मारलेल्या तीन कॉपी घेऊन आला, सोबत मूळ कंप्लेंटची पण. बाराशे डॉलर घेणाऱ्यांनी ही एक ओळ इमेलात लिहायला काय हरकत होती?

मी तक्रार केल्यावर त्यांचं उत्तर आलं की आम्ही इमिग्रेशनचा सल्ला देत नाही, अटींमध्ये लिहिलंय. लिहिलंय खरं, अगदी तळाला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. अहो, सल्ला नका देऊ, पण प्रश्न तर विचारा. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच पडिला केसमध्ये सांगितलंय की क्रिमिनल वकिलाने नॉन-सिटिझनला गिल्टी म्हणण्याआधी डिपोर्टेशनचा धोका सांगायला हवा. ते गिल्टी म्हणण्याच्या वेळचं, एक्सपंजमेंटचं नाही, मान्य, पण एवढं डोकं चालवायला कोर्टाची ऑर्डर कशाला लागते.

अजून एक. ऑर्डर आली म्हणजे लगेच सगळीकडून नाव गेलं असं नाही. स्टेट पोलिसांकडे या ऑर्डरींचा एवढा ढीग साचला होता की २०२३ मध्ये राज्याच्या पब्लिक डिफेंडर ऑफिसनेच (गरिबांना सरकारी वकील देणारं ऑफिस) त्यांच्यावर दावा ठोकला, त्यामुळे नोकरीचं ऑफर लेटर हातात येईपर्यंत थांबू नका, आधीच सुरुवात करा. शिवाय प्रायव्हेट बॅकग्राउंड चेक कंपन्या जुना डेटा धरून बसतात. या सर्व्हिसकडे "डेटाबेस क्लीनअप" म्हणून अडीचशे डॉलरचं वेगळं पॅकेज आहे, ते आम्ही घेतलं नाही. भावाने स्वतःच रिपोर्ट देणाऱ्या कंपनीला ऑर्डरची कॉपी जोडून डिस्प्यूट टाकला, तो फुकट असतो, साधारण ३० दिवसांत त्यांना तपासून उत्तर द्यावं लागतं, आणि नवीन रिपोर्ट कोरा आला.

सिटिझन असाल, एकच जुनं प्रकरण असेल आणि कागदपत्रांचा कंटाळा असेल तर घ्या ही सर्व्हिस, काम करतात. उत्पन्न कमी असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला आधी विचारा, ते फुकट मदत करतात. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा), एच-वन-बी, ग्रीन कार्डवाल्यांनी पहिले पैसे इमिग्रेशन वकिलाला द्या, डिस्पोझिशनच्या कॉपी काढा, आणि मग एक्सपंजचं बघा. इथल्या मराठी ग्रुपांवर हे कोणी उघड विचारत नाही, लाज वाटते, म्हणून नाव न घेता लिहिलंय. कमेंटमध्ये भाऊ कोण ते शोधत बसू नका.