दुर्मिळ अंजिरांच्या काड्या आणि कलमं: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा पाहून झाल्यावर

परदेशी जातीची काडी महाग पडली असेल आणि एकच असेल, तर तिला मुळं फुटायची वाट पाहत बसू नका. पूना फिग या आपल्याकडच्या अंजिराच्या जोमदार रोपावर तिचं कलम बांधा. पुण्यातल्या गच्चीवर तिन्ही ऋतूंत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. खाली त्यामागची कारणं आहेत आणि कुठल्या जातीने आपल्या हवेत काय केलं तेही आहे.

माझ्याकडे ब्राउन टर्की, कोनाड्रिया, व्हायोलेट द बोर्दो, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं पनाशे आणि कोल द दाम या जाती आहेत. सगळ्या काड्या देशातल्याच हौशी बागायतदारांकडून जानेवारीत घेतल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेल्या काड्या मागा. हिरवी कोवळी काडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, ती मुळं धरण्याआधीच कुजते.

छाट कलमाची, म्हणजे काडीलाच मुळं फुटवायची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एक फसवी जागा आहे. काडीला आधी पानं फुटतात, मुळं नंतर येतात. ती पहिली पानं काडीतल्या साठवलेल्या अन्नावर वाढतात. पान दिसलं म्हणून काडी उन्हात ठेवली की दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास वापरा. भिंतीलगत पांढरी मुळं दिसून ती तपकिरी व्हायला लागेपर्यंत जागा बदलायची नाही. माध्यम म्हणून निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) उत्तम. मुठीत दाबल्यावर जेमतेम एखादा थेंब सुटावा, इतकीच ओल हवी. कुजण्याचं जवळजवळ एकमेव कारण जास्तीचं पाणी. काडीचा वरचा भाग ग्राफ्टिंग टेपने गुंडाळला की ती सुकत नाही आणि झाकायला पिशवीही लागत नाही. कोंब ती ताणलेली टेप फोडून स्वतःच बाहेर येतो. रूटिंग हॉर्मोनच्या पावडरीने ब्राउन टर्कीत काही फरक दिसला नाही, ती पावडरीशिवायही तशीच मुळं धरते. कोल द दामला मात्र मुळं सावकाश आली आणि रात्री गारठ्याच्या असताना तर ती थांबल्यासारखीच झाली. वीस ते पंचवीस अंश तापमान मिळालं की काडी हलते. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरची जागा यासाठी चांगली.

आता कलमांबद्दल सविस्तर. पूना फिगची रोपं सासवड रस्त्यावरच्या रोपवाटिकांत सहज मिळतात. तोच आपला खुंट, म्हणजे ज्याच्यावर काडी बांधायची ते रोप. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडात रस चढायला लागला की पाचर कलम करायचं. अंजिराचा चीक ही इथली खरी अडचण. खुंट छाटला की पांढरा चीक भराभरा वाहतो आणि जोडाच्या मध्ये साका धरतो. म्हणून खुंट आधी छाटून ठेवायचा, चीक वाहून थांबू द्यायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, मग ताजी फट पाडून काडी बसवायची. काडीची पाचर एका बाजूने तरी खुंटाच्या सालीशी तंतोतंत मिळाली पाहिजे. हातमोजे घाला, कारण हा चीक कातडीवर राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. चिकातल्या सोरालेनसारख्या द्रव्यांमुळे हे होतं आणि डाग बरेच दिवस राहतात. लहान मुलांना या कामापासून लांबच ठेवावं.

जोड धरला की वाढीचा वेग पाहण्यासारखा असतो. खुंटाची मुळं आधीच पसरलेली असल्यामुळे कलमाची व्हायोलेट द बोर्दो पावसाळा सुरू होईपर्यंत कमरेएवढी झाली. त्याच काडीचं स्वतःच्या मुळांवरचं भावंड तेव्हा जेमतेम वीतभर होतं. खुंटावर खालून येणारे फुटवे मात्र दर आठवड्याला काढावे लागतात. पूना फिग इतकी जोमदार आहे की दुर्लक्ष झालं तर वरची पाहुणी जात मागे पडते.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे क्वचितच सांगतात. अंजिराच्या सगळ्याच जाती आपल्याकडे फळ देतील असं नाही. स्मर्ना गटातल्या जातींना फळ धरायला एका विशिष्ट चिमुकल्या गांधीलमाशीकडून परागीभवन लागतं. ती माशी रानटी नर अंजिरात वाढते. कॅलिफोर्नियात स्मर्नाची झाडं लावली तेव्हा फळं वर्षानुवर्षं कच्चीच गळत राहिली. अल्जीरियातून आणलेली माशी १८९९ मध्ये तिथे स्थिरावली, तेव्हा कुठे त्या बागा फळल्या. आपल्या उंबराला, वडाला त्यांच्या स्वतःच्या माशा आहेत, पण त्या या अंजिराच्या कामी येत नाहीत. म्हणून काडी घेताना एकच प्रश्न विचारा: ही जात परागीभवनाशिवाय फळते का? स्मर्ना किंवा कॅलिमिर्ना हे नाव दिसलं तर पैसे जपून ठेवा. मी वर दिलेल्या पाचही जाती माशीशिवाय फळतात.

परागीभवनाशिवाय फळणारी अंजिरं माणसाने फार पूर्वीपासून काड्या लावून जपली आहेत. जॉर्डनच्या खोऱ्यात गिलगल इथे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची अशी फळं सापडली. तीच माणसाने लावलेली सर्वांत जुनी झाडं असावीत असं संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं. त्यावर मतभेद आहेत, पण आपण गच्चीवर करतोय ते काम किती जुनं आहे याचा मला फार आनंद वाटतो.

पावसाळा हीच खरी परीक्षा. जुलैच्या झडीत पानांच्या मागे तांबेरा या बुरशीच्या रोगाचे बारीक तपकिरी फोड उठतात आणि सप्टेंबरपर्यंत झाड उघडं पडतं. पुरंदरच्या बागांतही हा नेहमीचा शत्रू आहे. पाऊस उघडताच एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारलं, गळलेली पानं गोळा करून टाकली, तेव्हा कोनाड्रिया आणि ब्राउन टर्कीची पानं बऱ्यापैकी टिकली. पनाशे सगळ्यात आधी उघडं पडलं. पावसात पिकलेलं फळ कुठल्याही जातीचं असो, पाणचट होतं, फुटतं किंवा तळाच्या छिद्रातून आंबतं. कोनाड्रियाचं फळ मात्र फुटायला आणि आंबायला बरंच दाद देत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात आयरा कॉन्डिट यांनी संकरातून केलेली ही जात याच गुणासाठी नावाजली आहे, आणि आपल्या पावसात ते पटतं.

मग करायचं काय? पुरंदरच्या शेतकऱ्यांनी हे केव्हाच ठरवून टाकलं आहे: खट्टा बहार आणि मीठा बहार. पावसाशी जुळणारा बहार खट्टा, हिवाळा पार करून उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकणारा मीठा. अंजीर नव्या फुटव्याच्या पानांच्या बेचक्यात फळ धरतं, त्यामुळे छाटणीची वेळ बदलली की फळाची वेळ बदलते. मी जून-जुलैमधली बोंडं खुडून टाकली, पाऊस ओसरल्यावर पाणी थोडं तोडून ताण दिला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला हलकी छाटणी केली आणि मग शेणखत व निंबोळी पेंड देऊन पाणी सुरू केलं. नवे फुटवे पाच-सहा पानांचे झाले की शेंडा खुडला. खुडलेल्या फांदीवर फळं लवकर बसतात, हे कोल द दाम सोडून बाकीच्या जातींवर दिसलं. जाधववाडीच्या अंजीर संशोधन केंद्राच्या कामामुळे आणि शेतकऱ्यांच्या अनुभवामुळे हे ज्ञान आपल्या दारात आहे. परदेशी जातींसाठी परदेशी वेळापत्रक वाचत बसण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी.

चवीचं सांगायचं तर व्हायोलेट द बोर्दोसारखं फळ मी यापूर्वी खाल्लं नव्हतं. आकाराने लहान, जवळजवळ काळं, आतून गडद लाल, आणि गोडीबरोबर किंचित आंबटपणा. झाडही बुटकं राहतं, त्यामुळे कुंडीसाठी माझी पहिली शिफारस तीच. कोनाड्रिया मोठं, फिकट हिरवं, मधासारखं सरळ गोड. ब्राउन टर्की वाढायला निर्धास्त, चवीला साधी. पुरंदरचं ताजं अंजीर तिच्यापेक्षा उजवं आहे, आणि पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं ते योग्यच आहे. पनाशे दिसायला अतिशय देखणं, पण पिकायला लांबचा उबदार हंगाम लागतो आणि आमच्या हिवाळ्यात ते अडकून राहिलं. कोल द दामने अजून फळ दिलेलं नाही. बुलबुलांना मात्र फळलेल्या सगळ्याच जाती सारख्याच प्रिय आहेत, फळ रंगायला लागलं की जाळीची पिशवी बांधा.

विषाणूचा मुद्दा टाळता येणार नाही. अंजिराचा मोझेक विषाणू काडीबरोबर येतो, कलमातून खुंटात उतरतो आणि एका सूक्ष्म कोळ्यामार्फतही पसरतो. पानांवर पिवळट चट्टे, वाकडी-तिकडी पानं ही खूण. त्यावर औषध नाही. नवीन आलेलं रोप पूर्ण एक ऋतू बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं आणि चट्टे दाट असतील तर त्याच्या काड्या कुणाला द्यायच्या नाहीत.

याच कारणासाठी एक कळकळीची विनंती. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत राहणारे नातेवाईक येताना बॅगेतून काड्या आणायला तयार असतात. आणू नका. २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशानुसार बाहेरून झाडांचा लागवडीचा भाग आणायला आधी आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पुरंदरमध्ये कित्येक घरांचं पोट अंजिरावर चालतं, एका हौसेच्या काडीसाठी तिथे नवा रोग जाता कामा नये.

ग्रो बॅगेबद्दल: अठरा इंची कापडी बॅग प्लास्टिकपेक्षा चांगली, मुळं गोल फिरत नाहीत, पण मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं लागतं. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी कोवळ्या कलमांना एप्रिल-मे पुरती हवीच. शेतातली माती बॅगेत भरू नका. तिच्यातून सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) येतात आणि मुळांवर गाठी धरतात. अंजिराला त्यांचा त्रास फार. सूत्रकृमींना दाद न देणारा खुंट म्हणून उंबर वापरता येतो. घराजवळच्या उंबराखाली उगवलेली रोपं मी आता बॅगांत वाढवतो आहे. येत्या फेब्रुवारीत त्यांच्यावर व्हायोलेट द बोर्दो बांधणार आहे.